बालाघाटातली जुनी जीप: ऐकीव काय, खरं काय

बीड जिल्ह्याची जमीन दोन स्वभावांची आहे. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी माती, तर पाटोदा, आष्टी, धारूरकडे बालाघाटाचे डोंगर. तिथे मुरूम, दगडगोटे, ओढे आणि भौगोलिक मानांकन मिळालेलं सीताफळ. डोंगरातल्या शेतवस्तीवर जायला साधी मोटार कामाची नाही आणि नवी फोर बाय फोर खिशाला झेपत नाही. मग कुणी जुनी महिंद्रा जीप शोधतो. एमएम ५४०, मेजर, फोर बाय फोर कमांडर, नाहीतर २०१० साली आलेल्या पहिल्या थारपैकी एखादी. गाडी दारात उभी राहिली की सल्ले सुरू होतात. मिस्त्री, मेहुणे, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळेच जाणकार. या सल्ल्यांचा एकूण कल असा, की पैसा डोळ्यांना दिसेल तिथे घालावा. गाडी रस्त्यात बसते ती मात्र न दिसणाऱ्या जागी.

“मोठे टायर टाका, वर उचला, कुठंही जाईल”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते महागात पडतं. अशा जीपचा ॲक्सल सहसा अखंड असतो. त्याच्या पोटातला डिफरेन्शियलचा फुगीर भाग हाच सहसा गाडीखालचा सगळ्यात खालचा बिंदू. स्प्रिंगमध्ये जादा पाटे घातले, लांब शॅकल लावले, तर बॉडी आणि चॅसिस वर जाते; डिफरेन्शियल होता तिथेच राहतो, कारण त्याची उंची फक्त टायर ठरवतं. ओढ्यातला जो धोंडा आधी लागत होता तो नंतरही लागतो. वर पाटे ताठ झाल्यामुळे खड्ड्यात चाक खाली लोंबत नाही, हवेत तरंगतं आणि जमिनीवरची पकड जाते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर खलास होतात. म्हणजे गाडी उंच दिसते खरी, पण चढते कमी.

मोठ्या टायरने उंची खरोखर वाढते, पण हिशेब करून पाहा. २८ इंच व्यासाच्या जागी ३२ इंचाचं चाक आलं तर ॲक्सल फक्त २ इंच उचलला जातो, कारण व्यासातली निम्मीच वाढ खालच्या बाजूला मिळते. त्या २ इंचांसाठी चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १४ टक्के जास्त पुढे जाते आणि चढावर चाकाची ओढ आठव्या हिश्शाने घटते. साठ-बासष्ट हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हा आठवा हिस्सा घाटात चांगलाच जाणवतो. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५७ ने धावत असते. ब्रेकचे ड्रम मात्र जुनेच. तेवढ्याच ड्रमांना जास्त मोठं आणि जड चाक थांबवायचं असतं. किंगपिन आणि बेअरिंगवर येणारा ताण वेगळाच.

मूळ मापाचे किंवा एखाद इंच मोठे, चांगल्या नक्षीचे टायर आणि नीट बसवलेले शॉकॲब्सॉर्बर एवढ्यात बालाघाटातल्या बहुतेक वाटा निघतात. काळ्या मातीचं काय, असं विचारणारे असतातच. ती माती पाणी पिऊन फुगते, नक्षीच्या खाचांत गच्च बसते आणि महागातलं टायरसुद्धा गुळगुळीत रूळ बनतं. तिथे वाफसा येईपर्यंत थांबणं हाच उपाय, आणि तो गावातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत आहे.

भुसभुशीत मुरुमात हवा कमी करायची युक्ती चालते. टायर पसरतं, पकड वाढते. पण ट्यूबवाल्या टायरची हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. डांबरीवर येताच हवा भरून घ्यावी लागते, नाहीतर टायर तापून फुटतं.

“फोर बाय फोर आहे, अडकायचा प्रश्नच नाही”

चारही चाकांना ताकद जाते याचा अर्थ चारही चाकं नेहमी ओढतात असा नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये जे चाक मोकळं तेच फिरतं. पुढचं एक आणि मागचं त्याच्या तिरकस बाजूचं एक चाक अधांतरी झालं की फोर बाय फोर जागेवर भिरभिरते. अशा वेळी रेस वाढवून उपयोग नसतो. चाकाखाली दगड सारायचा किंवा वाट बदलायची.

जुन्या जीपचं फोर बाय फोर डांबरीवर लावून ठेवण्यासाठी नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीत ती थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टमध्ये साठत जातो. लिव्हर अडकून बसतो, कधी दात तुटतात. खरा उपयोगाचा आहे तो लो गिअर. तो ओढ सुमारे अडीच पट करतो, आणि उतारावर ब्रेकपेक्षा भरवशाचा असतो.

उतारावरून आठवलं. मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की जुन्या यांत्रिक पंपाचा गव्हर्नरसुद्धा डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते द्यावंच लागतं. वाचत काहीच नाही, ब्रेक तापतात ते वेगळंच.

“उन्हाळ्यात तापते ना? थर्मोस्टॅट काढून फेका”

हा सल्ला इतका रुजलाय की जुनी जीप घेतली तर थर्मोस्टॅट बहुधा आधीच काढलेला सापडतो. मे महिन्यात बीडमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की त्याच्यावरच खापर फुटतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. साधारण ८० अंशांच्या वर ती उघडते आणि मग वाटेत येत नाही. ती काढली तर थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर झडप नसल्यामुळे बायपासचा रस्ता उघडा राहतो, निम्मं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. झडप बंद अवस्थेत अडकली असेल तर बदलायची. गरम पाण्यात टाकून पाहिली की ती उघडते की नाही ते लगेच समजतं.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं तेच ओतलेलं, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या. बाहेरून जाळीत धूळ आणि कुसळं. फॅनभोवतीचं आवरण कुणीतरी दुरुस्तीत काढलेलं आणि परत बसवलेलंच नाही, त्यामुळे फॅन हवा रेडिएटरमधून न ओढता आसपासची घुसळत बसतो. शिवाय झाकण. पाण्यावर एका बारचा जादा दाब टिकला तर ते १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की तेवढी सवलत गेली. झाकण आणि कूलंट बदलायला लागतो तो खर्च एका मोठ्या टायरच्या किमतीसमोर काहीच नाही.

इंजिन ऑइलबद्दलही असंच. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं. तेच त्याचं काम. काळं दिसलं म्हणून बदलायचं नाही, किलोमीटर आणि महिने मोजून बदलायचं. जाड ऑइल घातल्याने झिजलेल्या रिंगा दुरुस्त होत नाहीत, निळा धूर चार दिवस लपतो. विकणाऱ्याला तेवढे चार दिवस पुरतात.

धुळीसाठी बऱ्याच जुन्या जीपना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. मागासलेला म्हणून त्याला हसू नये. उसाच्या ट्रॅक्टरांमागच्या फुफाट्यात तो चांगला टिकतो, कारण वाटी धुऊन तेल बदललं की काम झालं. फक्त तेल खुणेपर्यंतच भरावं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळू शकतं; मग चावी बंद करूनही थांबत नाही.

“डिझेलला पाण्याची भीती नाही”

स्पार्क प्लग नसतात एवढ्यावरून हा समज आला. हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्यातून गेल्यावर ब्रेकचे ड्रम ओले असतात, हलका ब्रेक धरून ते वाळवावे लागतात. डिफरेन्शियलचं तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय, ते त्याच आठवड्यात बदलावं.

“शेतातच तर चालवायची, पासिंग कशाला?”

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सूट आहे ती बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनांना. गोल्फच्या मैदानावरची पेट्रोल कार्ट त्यात बसू शकते. जीप बसत नाही, कारण ती रस्त्यासाठीच बनली आहे. आणि जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, म्हणजे गावचा पाणंद रस्ताही त्यात आला. तिथे अपघात झाला आणि थर्ड पार्टी विमा नसला, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच पसरलेला: १० वर्षं झालेलं डिझेल वाहन भंगारात जातं. ती बंदी दिल्ली आणि राजधानी परिसरासाठीच्या आदेशातली. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आलं. त्याखेरीज पर्यावरण कर. सौदा ठरवताना हे आकडे किमतीत धरावेत.

बदल करायला मोकळीक आहे, असंही कुणी सांगेल. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. पुढचा लोखंडी गार्डही डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बेकायदा ठरवला. इंजिन बदललेली जीप घेताना तर जास्तच सावध राहावं. मूळ डीपी जातीच्या इंजिनाच्या जागी डीआय जातीचं इंजिन बसवलेल्या जीप बाजारात असतात. डीपीला सकाळी सुरू व्हायला हीटर प्लग लागतो, डीआयला लागत नाही, एवढ्यावरूनही शंका येऊ शकते. आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, चॅसिस नंबर हाताने घासून वाचावा. जुळत नसेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यालाच आरटीओत नोंद करून आणायला सांगावं. गाडी बीडला एमएच २३ मध्ये असो की अंबाजोगाईच्या एमएच ४४ मध्ये, ही अट तीच.