गिटार एकच, मुलूख दोन!

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलमध्ये तोच वाद पेटतो. एक पार्टी म्हणते रॉक वाजवू, दुसरी म्हणते आपलं काहीतरी वाजवा. शेवटी गिटारच्या बाजूला तबला बसवायचा आणि त्याला ‘फ्यूजन’ म्हणायचं! या वादात एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते. त्याचं नाव अमान्सिओ डिसिल्वा.

जन्म 1936, मुंबई. आई-वडील मूळ गोव्याचे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला. तिथे तेव्हा भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणायचे प्रयोग जोरात होते. जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 मध्ये जॅझच्या वाद्यांशेजारी सतार, तंबोरा बसवले होते. तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे.

अमान्सिओने वेगळी वाट धरली. 1969 मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी आली. त्याच वर्षी हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ निघाली. गंमत म्हणजे ‘हम दोनो’त ना सतार, ना तबला. इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स असा सरळ जॅझचा संच. तरीही आपल्याकडचा सूर कानाला जाणवतो.

हे कसं जमतं? जॅझमध्ये कॉर्ड सतत बदलतात, रागात ‘सा’ हलत नाही. कॉर्डची ही धावपळ कमी केली की सुरावट मोकळी फिरते. राहिली मींड. दाबलेली तार आडवी ओढली की तिचा ताण वाढतो, वारंवारता वाढते आणि सूर घसरत वर जातो. फिजिक्समध्ये शिकलो तेच!

म्हणजे वाद्यं शेजारी ठेवणं हे झालं मिश्रण. एकाच वाद्यात दोन्ही विचार मुरवणं हा झाला मिश्रधातू. मेटलर्जीवाल्यांना जास्त सांगायला नको.

नशिबाने मात्र त्याला फारसं दिलं नाही. ‘कोंकण डान्स’ नावाचं त्याचं ध्वनिमुद्रण तो हयात असताना बाहेर आलंच नाही. 1996 मध्ये तो गेला. आज त्याच्या मूळ तबकड्या संग्राहक शोधत फिरतात.

तेव्हा यंदा गिटारशेजारी खंजिरी ठेवण्याआधी, लहानपणापासून ऐकलेली खंजिरी भजनाची चाल गिटारवर निघते का ते बघा. जमलं तर दोन्ही पार्ट्या टाळ्या वाजवतील. नाही जमलं तरी वाद तरी नवीन होईल!