घडणावळ

सोनगीरला तांब्या-पितळेचं भांडं घ्यायला गेलात की दुकानदार आधी ते काट्यावर ठेवतो. घरून पोचे पडलेलं जुनं पातेलं आणलं असेल तर त्याची मोड वजा करतो. मग एक आकडा वेगळा मांडतो. ती घडणावळ. धातूचा भाव बाजारात ठरतो, त्यात कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस होते ती घडणावळीत. बँकेच्या इथल्या शाखेत असताना तांबट मंडळींच्या कर्जाचे कागद मी बरीच वर्षं चाळले. त्यातून एवढं समजलं, की घडणावळ कमी म्हणून भांडं स्वस्त पडतं असं नाही, आणि घडणावळ जास्त म्हणून हंडा टिकतो असंही नाही. टिचकी मारून पाहावंच लागतं.

हा हिशेब स्वतःच्या शरीरासाठी मांडायची वेळ येईल, असं मात्र वाटलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "व्यायाम काय करता?" रोज सकाळी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालतो, असं मी सांगितलं. "चाला की. पण आता हात न टेकता या खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवा." चौथ्या वेळी मांड्या थरथरल्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : तिशीनंतर दर दहा वर्षांनी आपले स्नायू काही टक्के झिजतात, साठीनंतर झीज वाढते, आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचं मोठं काम हे स्नायूच करतात. नुसत्या चालण्यानं ते पुरेसे टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यातही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीपुढच्यांनी शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा, असं त्यात आहे.

मुलाला फोन केला. तो पुण्याहून म्हणाला, "बाबा, पर्सनल ट्रेनर लावा."

'लावा' हा शब्द ऐकून गंमत वाटली. आपण दूध लावतो, पेपर लावतो, खानावळ लावतो, पोरांना शिकवणी लावतो. महिन्याच्या बोलीवर जे दारात येतं किंवा ज्याच्या दारात आपण जातो, ते सगळं 'लावतो'. आता व्यायामाचा रतीब. शेजारच्या एका वडीलधाऱ्यांना हे कळलं तर त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "आप्पा, आते काय दंगलमा उतरनं शे का?" आणि वर पुस्ती जोडली, की आमच्या वेळी वस्तादाला कुणी छदाम दिला नाही.

ही पुस्ती खरी नाही. वस्तादाला पगार नसायचा, एवढं खरं. पण तालीम फुकट कधीच चालली नाही. गुरुपौर्णिमेचा नारळ आणि फेटा, गावाची वर्गणी, यात्रेतल्या कुस्तीच्या इनामाचा वाटा, हौद्यातल्या मातीला लागणारं तेल-ताक-हळद, पठ्ठ्याच्या खुराकाचं दूध-बदाम. हे कुणाच्या ना कुणाच्या खिशातून जायचं. कोल्हापुरात ते संस्थानच्या तिजोरीतून गेलं. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकल्याचं सांगतात. गहाणखतं पाहण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण पदकाइतकाच मला तो सात हजारांचा आकडा लक्षात राहतो.

आपल्या खानदेशालाही या गोष्टीत एक पान आहे. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक तरुण अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात शिकवायला आले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. आसनांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरणांची चित्रं घेऊन तपासलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून मांडलं. गुरूनं सांगितलं म्हणून करायचं, या वळणातून आलेला माणूस "मोजून बघू" म्हणतो, हे मला फार मोठं वाटतं. मास्तर निवडताना मला नेमकी हीच खोड हवी होती.

जुन्या तालमीबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातल्या तालमींच्या दारातून बाई आत गेलेली मी पाहिली नाही. पन्नाशीचा कारकून नाही, गुडघा धरलेला मास्तर नाही. वस्ताद शिकवायचा तो उद्याच्या मल्लाला. पैसे घेऊन शिकवणारा आला तेव्हा हे दार बाकीच्यांना उघडलं. धुळ्यात दुपारी अकरा ते एकच्या बॅचला मी ज्या बाया पाहिल्या, त्यातल्या निम्म्या चाळिशीपुढच्या होत्या. कुणाच्या आश्रयावर नव्हे, स्वतःच्या पैशानं आलेल्या.

आता त्या पैशाचं सांगतो.

धुळ्यातल्या पहिल्या व्यायामशाळेत (नाव कशाला?) काउंटरवरच्या मुलीनं गुळगुळीत कागद पुढे सरकवला. पर्सनल ट्रेनर, महिन्याला बारा बैठका, सहा हजार. तीन महिन्यांचे एकदम भरले तर पंधरा. वर्षाचे भरले तर अठ्ठेचाळीस, "आणि ही ऑफर आजच्यापुरतीच आहे, काका." मी खिशातलं पेन काढलं. महिन्याच्या दरानं एका बैठकीचे पाचशे पडतात. वर्षाच्या दरानं तीनशे तेहतीस. म्हणजे स्वस्त. पण वर्षभरात एकशे चव्वेचाळीस वेळा गेलो तर! लग्नसराई, कांदेनवमी, नातवाची परीक्षा, मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन हे सगळं वजा करून महिन्याला चारच बैठका झाल्या, तर तीच बैठक हजार रुपयांना पडते.

हा माझा खवचटपणा नव्हे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिएर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या पावणेआठ हजार सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ साली ती प्रसिद्ध केली. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यात सरासरी ४.३ वेळा जात होते. प्रत्येक खेपेला त्यांना सतरा डॉलर पडत होते, आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलरच पडले असते. माणूस स्वतःच्या निश्चयाचा भाव नेहमी चढा लावतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा फेडीचा तक्ता पाहताना हे मी रोज बघत होतो.

कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात होतं : भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. ट्रेनर बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे. म्हणजे ज्याचं काम बघून मी पैसे भरणार, तो उद्या सोडून गेला तरी पैसे आतच. वाचकहो, वर्षाची आगाऊ फी याला बँकेच्या भाषेत विनातारण कर्ज म्हणतात. फरक एवढाच, की इथे कर्ज आपण देतो आणि जामीनदार कुणी मागत नाही. अठ्ठेचाळीस हजारांसाठी मी शेतकऱ्याकडून सात-बारा मागितला असता. असा कागद सही करून बसलेल्यांनी हताश होऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्याय्य कराराची दखल घेतलेली आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते; सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण सही करण्याआधी पान उलटणं त्याहून सोपं.

एकूण तिघांना भेटलो. पहिला उमदा होता, दंड पाहून पोरं त्याच्याभोवती जमत. दहा मिनिटांत त्यानं माझ्या हातात वजनं दिली आणि पंधराव्या मिनिटाला प्रोटीनचा डबा दाखवला. डबा त्याच्याकडूनच घ्यायचा. शिकवणारा आणि विकणारा एक झाला की सल्ल्याला वास यायला लागतो. विम्याच्या धंद्यात हा वास मी ओळखायला शिकलो. २०२४ साली भारतातल्या छत्तीस प्रोटीन पुरकांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. दुसरा मोबाइलवर शिकवणारा. त्याच्या आहाराच्या तक्त्यात ब्रोकोली आणि अ‍ॅव्होकाडो होतं. आमच्या सौ.नी तो तक्ता वाचून विचारलं, "हे धुळ्याच्या मंडईत कधी येतं?"

तिसरा शिरपूर तालुक्यातला मुलगा. कॉलेजात कुस्ती खेळलेला, बी.पी.एड. झालेला, वर ट्रेनरचं एक प्रमाणपत्र मिळवलेला. पहिल्या दिवशी त्यानं मला हातच लावू दिला नाही कशाला. विचारत बसला. छातीत कधी दुखतं का? चक्कर येते का? गोळ्या कोणत्या, किती वाजता? हाडाचं दुखणं आहे का? डॉक्टरांनी काही मनाई केली आहे का? पुढे कळलं, की असे सात प्रश्नांचे छापील कागदच असतात, कॅनडात तयार झालेले, आणि चांगला शिकवणारा ते विचारल्याशिवाय सुरुवात करत नाही. साखरेची गोळी घेणाऱ्यानं उपाशीपोटी जोर काढला तर काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. जेवणाबद्दल त्यानं एवढंच विचारलं, की भाकरी किती आणि डाळ किती. कळण्याची भाकरी तशीच ठेवली, वरण दाट करायला सांगितलं, शेंगदाणे मोजून आणि अंडं चालत असेल तर रोज. आणि एक वही काढली. कोणत्या दिवशी किती वेळा उठलो, किती किलो उचललं, दुखलं कुठे. ही वही बघितली तेव्हा माझा निर्णय झाला. खातेवही ठेवणाऱ्यावर माझा आपोआप विश्वास बसतो.

ठरलं ते असं. महिन्याला आठ बैठका, पाचशेप्रमाणे चार हजार, महिन्याच्या महिन्याला. तीन महिन्यांनंतर आठाच्या दोन. मधल्या दिवसांत घरी मी एकटा करायचं, त्यानं फक्त वही तपासायची. मी ही अट घातली तेव्हा तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, बाकीचे लोक उलटं सांगतात. मी रोज समोर उभा राहायला पाहिजे म्हणतात." त्याचा हिशेब मला नंतर कळला. पाचशेतले अडीचशे व्यायामशाळा ठेवते. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. मी एक दिवस गेलो नाही तर त्या दिवसाचे अडीचशे बुडाले. म्हणजे मला लवकर स्वतःच्या पायावर उभं करणं हे त्याचं काम, आणि ते चोख केलं की त्याचंच गिऱ्हाईक जाणार. वकील आणि डॉक्टर यांच्याही धंद्यात हा पेच आहे, पण त्यांची फी तो पेच सोसण्याइतकी असते.

म्हणून घासाघीस मी केली नाही. दर पाचशेचा पाचशेच ठेवला. फक्त न आल्यास एक दिवस आधी कळवायचं, नाहीतर त्याचे पैसे द्यायचे, हे माझ्याकडून लिहून दिलं. तो हसला, पण कागद त्यानं जपून ठेवला आहे.

आठ महिने झाले. खुर्चीतून हात न टेकता सलग पंधरा वेळा उठतो. भरिताच्या पार्टीला शेतात पंगतीत मांडी घालून बसलो आणि कुणाचा हात न धरता उठलो, याचं आमच्या सौ.ना साखरेच्या रिपोर्टपेक्षा जास्त अप्रूप. साखरही उतरली आहे. किती श्रेय व्यायामाचं आणि किती गोळीचं, ते डॉक्टर सांगत नाहीत. खर्च सतरा हजारांच्या घरात गेला. बसचं भाडं वेगळं, पण पासष्टीपुढे एसटीचं अर्धं तिकीट असल्यानं ते जाणवत नाही.

हल्ली रविवारी तोच सोनगीरला येतो, फी न घेता, वेगळ्या कामासाठी. त्याला स्वतःची जागा काढायची आहे, महामार्गालगत एक गाळा पाहिला आहे. मुद्रा योजनेत पाच लाखांपर्यंत 'किशोर' गटात अर्ज बसतो, तारण लागत नाही. कागद कसे करायचे ते मी दाखवतो. त्याच्या जमेच्या बाजूला पहिली ओळ होती : वार्षिक आगाऊ सभासद फी. मी तिच्यावर पेन्सिलीनं काट मारली. त्यानं वही आपल्याकडे ओढली. "काका, आगाऊ घेतले नाहीत तर पहिल्या सहा महिन्यांचं भाडं कशातून देऊ?"

तीन रविवार झाले, आम्ही त्या ओळीपाशी बसलो आहोत. तिमाही फी, न वापरलेल्या महिन्यांचा परतावा आणि भाड्यासाठी वेगळी राखीव रक्कम, असं काहीतरी मांडून बघतो आहोत. अजून बेरीज जुळलेली नाही.