थंडीत डिझेल गोठतं तेव्हा तुमचा नफाही गोठतो!



ट्रान्सपोर्टच्या व्हिडिओमध्ये आपण ईएमआय, टायर, टोल असा सगळा हिशोब मांडला. आज त्याच व्यवसायातला एक दुर्लक्षित मुद्दा बघूया. जानेवारीत नाशिकची द्राक्षं घेऊन तुमची गाडी श्रीनगरला निघाली आणि पहाटे घाटात बंद पडली, तर? माल नाशवंत आहे, व्यापारी थांबत नाही आणि हप्ता तर थांबतच नाही.

नेमकं होतं काय?

डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं ना, तसंच हे. थंडी वाढली की आधी डिझेल धूसर दिसायला लागतं. मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात. टाकीत डिझेल असतं, पण इंजिनपर्यंत पोहोचत नाही. गाडीचा दम जातो, ती झटके देते आणि बंद पडते.

आता महत्त्वाचा आकडा. भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकलं जाणारं साधं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. बाकीच्या महिन्यांत ही मर्यादा १८ अंश आहे. प्रत्यक्षात डिझेल याहून चांगलं असू शकतं, पण हमी एवढीच. काश्मीरमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली असतो. म्हणजे आपल्याकडचं डिझेल वाईट नाही, ते तिथल्या थंडीसाठी बनलेलंच नाही!

मग करायचं काय?

१. खालचं डिझेल वर नेऊ नका. वर चढण्याआधी टाकीत कमीत कमी जुनं डिझेल उरेल असं नियोजन करा. बर्फाने रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून राखीव साठा मात्र ठेवाच. पोहोचल्यावर तिथल्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं.

२. अँटी-जेल वेळेत टाका. बाटलीवरच्या प्रमाणात, डिझेल कोमट असतानाच टाका आणि वरून डिझेल भरा, म्हणजे नीट मिसळतं. एकदा मेण धरलं की नेहमीचं अँटी-जेल ते विरघळवत नाही. हे औषध नाही, लस आहे.

३. फिल्टर बघा. निघण्यापूर्वी नवा बसवा, एक जादा सोबत ठेवा. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढून टाका. ते पाणीही थंडीत गोठतं.

४. मुक्कामाला टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत रात्री दव धरतं आणि पाणी डिझेलमध्ये उतरतं. गाडी वारा लागणार नाही अशी लावा.

हे मात्र टाळा

"थोडं रॉकेल टाका की राव!" असा सल्ला हमखास मिळेल. बीएस-६ गाडीत त्याने इंजेक्टर आणि धुराची यंत्रणा बिघडू शकते, आणि रेशनचं रॉकेल गाडीत वापरणं बेकायदा आहे. पेट्रोल मिसळणं तर धोक्याचंच. टाकीखाली जाळ करू नका. गाडी बंद पडलीच तर स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी जाईल. शक्य असेल तर गाडी उबदार शेडमध्ये न्या, फिल्टर बदला आणि डिझेल आपोआप पातळ होऊ द्या.

आता धंद्याचं बोलू

थंड भागातल्या फेरीचं कोटेशन देताना अँटी-जेल, जादा फिल्टर आणि एका दिवसाची सवड आधीच धरा. गिऱ्हाईक विचारेल, "भाडं जास्त का?" तेव्हा हेच समजावून सांगा. माल वेळेवर पोहोचवण्याची तयारी ज्याच्याकडे असते, त्यालाच पुढची फेरी मिळते.

आजचा गृहपाठ: तुमच्या कॉस्टिंग शीटमध्ये "थंडीचा खर्च" ही ओळ वाढवा. गाडी अजून घेतलेली नसेल, तरीसुद्धा!