बूट आठ नंबरचा, पाय कितीचा?

धाडहून कुठल्याही दिशेला चालायला निघा, पायाखालची जमीन बदलत जाते. शिवारात काळी माती, बांधावर बाभळी, बुलढाण्याकडे वळलं की अजिंठ्याच्या रांगेतला मुरूम आणि घसारा. दुकानाच्या आरशात झकास दिसणारा बूट इथे पहिल्या तासातच उघडा पडतो. म्हणून खरेदीला जाण्याआधी ही थोडी गंमत, थोडी कामाची माहिती.

नंबर मोजतात जवाने
आपल्याकडे चालणारी ब्रिटिश मापं चक्क जवाच्या दाण्यावर बेतली आहेत. जुन्या इंग्रजी हिशेबात तीन जव म्हणजे एक इंच. एक नंबर वाढला की बूट एका जवाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. खोक्यावरचा ४२ हा युरोपचा आकडा. तिथला नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास सरकतो. दोन्हीकडे मोजतात ती लांबी. पंजा किती रुंद आहे, हे तो आकडा सांगतच नाही.

पंजा देशी, साचा विलायती
चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. निघालं काय? भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून ‘भा’ ही देशी मापपद्धती सुचवली गेली. करंगळी चेपते म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. रुंदी मिळते, पण सोबत लांबीही वाढते, टाच आत मागेपुढे होते आणि फोड येतो. त्यापेक्षा रुंद पंज्याचा बूट मागून घ्यावा.

संध्याकाळचं गिऱ्हाईक शहाणं
दिवसभर उभं राहिल्याने पाय थोडा सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. डोंगरात घालणार तेच मोजे सोबत न्यावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. नंबर मोठ्या पायाचा धरायचा. आता खरी परीक्षा. नाडी सैल करा, बोटं पुढे टेकेपर्यंत पाय सरकवा. टाचेमागे एक बोट जेमतेम शिरायला हवं. शिरलंच नाही तर बूट लहान, दोन सहज गेली तर मोठा. मग टाच मागे बसवा, नाडी आवळा आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा. दुकानदार म्हणेलच, “घेऊन टाका भाऊ, आठ दिवसांत सैल होतो.” कातडं थोडं सैलावतं, हे खरं. लांबी मात्र एका केसानेही वाढत नाही.

चढताना दम, उतरताना नख
लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठापासून तळ्यापर्यंत सव्वाशे मीटरहून जास्त उतार. उतरताना अंगाचा सगळा भार पायाला पुढे लोटतो. बूट तोकडा असला की अंगठ्याचं नख दर पावलाला आपटतं आणि काळंनिळं पडतं. उपाय फुकटातला आहे: आदल्या दिवशी नखं कापा आणि उतार लागताच घोट्याजवळ नाडी घट्ट बांधा.

सराट्याची परीक्षा
सराट्याचं फळ जमिनीवर कसंही पडो, एखादा काटा वर तोंड करून बसलेलाच असतो. बांधावरून फेरफटका मारून आलेली रबरी स्लीपर उलटी करून बघा, पाच-सात तरी रुतलेले सापडतील. बाभळीचा काटा त्याच्याही पुढचा. धावायच्या बुटाचा मऊ फोम तो आरपार छेदतो. म्हणून घेताना तळ अंगठ्याने दाबून बघा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा: तो बोटांच्या सांध्याशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवा. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. तेव्हा लांब पँट हवीच.

काळ्या मातीचं वजन
पावसात काळ्या रानातून दहा पावलं टाकली की बूट जड होतो. तळाच्या खाचा उथळ आणि दाट असतील तर गारा भरून तळ सपाट होतो आणि मग घसरगुंडी. खोल, एकमेकींपासून लांब असलेल्या खाचांतून चिखल आपोआप गळतो.

नाकापेक्षा मोती जड
धावण्यावरच्या अभ्यासात दिसलं की प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. दिवसभराच्या वाटेसाठी किलोकिलोचे बूट कशाला?

माळ्यावरचा दगाबाज
तीन-चार वर्षं माळ्यावर जपून ठेवलेला बूट काढला आणि डोंगरात तळच सुटला, हा प्रकार ट्रेकर मंडळींना चांगलाच ठाऊक. दोष गोंदाचाच असेल असं नाही. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या ओलाव्याने न वापरताही विरत जातो.

अपघातातून आलेला तळ
१९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले. त्यांचा साथीदार व्हिताले ब्रामानी याने धडा घेतला आणि टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी तळ घडवला. १९५४ साली के-टू शिखर पहिल्यांदा सर झालं, तेव्हा इटालियन चमूच्या बुटांना हाच तळ होता.

अनवाणी जिंकलेले दोघे
१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, कारण नवे बूट पायाला नीट बसेनात. आणि मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता करे! पतीच्या उपचारासाठी पैसे हवे म्हणून साठीच्या घरात त्या बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरच्या सिनेमात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. बिकिला मात्र १९६४ ला टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला.

लांब चालणारे
टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ सुमारे ३,००० किलोमीटर भटकून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सातशेहून अधिक किलोमीटर चालत पंढरपूर गाठते. एवढी वाट नव्या कोऱ्या जोड्याने चालायची नसते. नवा बूट आधी घरात, मग शेतात, मग डोंगरात.

जाता जाता
अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत शिरताना बूट बाहेर काढावे लागतात. तेव्हा पटकन सुटेल अशी गाठ मारा, आणि मोज्याला भोक नाही ना, तेवढं सकाळीच बघून घ्या!