जास्वंद, बोगनवेल आणि बाल्कनीतलं ऊन

मुलुंड असो की अंधेरी, रोपवाल्याच्या हातगाडीवर दोन रोपं हमखास शेजारी दिसतात: लाल जास्वंद आणि गुलाबी बोगनवेल. दोन्हींच्या बाबतीत आश्वासन एकच, "काही करावं लागत नाही ताई, रोज एक मग पाणी घाला, बास." दोन महिन्यांनी जास्वंदीवर पांढरा कापूस जमलेला असतो आणि बोगनवेलीवर नुसता पाला. मग घरात ठरतं की आपल्या हातालाच गुण नाही. हाताचा यात काही संबंध नाही. या दोन झाडांच्या गरजा जवळपास उलट्या आहेत आणि आपण त्यांना एकाच मगाने वागवतो.

"हायवेवर कोण पाणी घालतं? तरी बघा कशी फुलते!" बोगनवेलीच्या बाजूने हा पुरावा नेहमी दिला जातो. पश्चिम द्रुतगती महामार्गाने बोरिवलीहून अंधेरीकडे येताना दुभाजकावरची बोगनवेल पाहून तो खराही वाटतो. पण दुभाजकावर उन्हाळ्यात टँकरने पाणी घातलं जातं. शिवाय कुंडीपेक्षा कितीतरी जास्त माती मुळांना मिळते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत डोक्यावर उघडं आकाश असतं. आपल्या बाल्कनीत वरच्या मजल्याचा स्लॅब आणि समोर नवा टॉवर. बोगनवेल पाण्यावाचून तग धरते, उन्हावाचून नाही. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर ती जगेल, वाढेल, ग्रिलमधून बाहेर झेपावेल, पण फुलणार नाही. "आमच्याकडे उजेड भरपूर आहे" हे उत्तर इथे चालत नाही. उजेड वेगळा, ऊन वेगळं.

आता ऊन कुठल्या बाल्कनीत? दक्षिणेची बाल्कनी उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खाते असं बहुतेक जण गृहीत धरतात. मुंबईत नेमकं उलटं होतं. आपलं शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी दुपारचा सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि मधल्या काळात तर किंचित उत्तरेला कलतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या बाल्कनीतलं दुपारचं ऊन स्लॅबवरच अडतं. डिसेंबरात मात्र दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि ऊन तिरपं होऊन थेट आत येतं. बोगनवेलीचा बहराचा काळही हाच, म्हणून दक्षिण बाल्कनी तिला मानवते. पश्चिमेचं दुपारचं कडक ऊनही तिला चालतं. जास्वंदीला पूर्वेची बाल्कनी द्यावी. सकाळपासून अकरा-बारापर्यंतचं ऊन तिला पुरतं आणि दुपारच्या रखरखाटातून ती वाचते. उत्तरेची बाल्कनी असेल तर दोन्ही रोपं गाडीवरच राहू द्यावीत.

पाण्याचंही तसंच. जास्वंदीला कुंडीतली माती सतत ओलसर लागते, चिखल नव्हे. मे महिन्यात छोट्या कुंडीतली जास्वंद दिवसातून दोनदा पाणी मागते, आणि एकदा का ती मान टाकेपर्यंत सुकली की टपोऱ्या कळ्या न उमलताच गळतात. बोगनवेलीला एकदा भरपूर पाणी द्यावं, खालून वाहून जाऊ द्यावं आणि मग हात आवरावा. बोट खुपसून पाहिल्यावर वरची दोनेक इंच माती कोरडी लागली की पुन्हा. कोवळे शेंडे किंचित मलूल दिसले तरी घाबरायचं कारण नाही, या ताणातूनच तिला बहर येतो.

म्हणूनच "पावसाळ्यात फुलं गेली, रोगच पडला" ही तक्रार निराधार आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या काळात ढगाळ हवा, मुळं ओली आणि दिवस मोठा. बोगनवेल पाला वाढवत बसते. पाऊस ओसरला, दिवस लहान झाला (डिसेंबरात तो जेमतेम अकरा तासांचा असतो), माती कोरडी पडू लागली की ती रंगावर येते. ऑगस्टात ती कचऱ्यात टाकणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत थांबावं. तेवढ्यात शेणखत मात्र ओतू नये. जास्त नत्र मिळालं की तिचा पालाच माजतो. जास्वंद उलट खादाड आहे, तिला दर पंधरा दिवसांनी थोडं कंपोस्ट मिळालं तर ती खूश.

कुंडीबाबतही अशीच गल्लत होते. मोठी कुंडी दिली की झाड जास्त फुलेल, हे जास्वंदीला लागू पडतं. बोगनवेल मात्र मुळं दाटली की चांगली फुलते. तिची मुळं नाजूक असतात, म्हणून कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नये.

ज्याला आपण बोगनवेलीचं फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. तीन गुलाबी पानांच्या मध्ये काडीएवढ्या पांढुरक्या नळ्या दिसतात ना, ती खरी फुलं. रंग आठवडेच्या आठवडे टिकतो तो यामुळेच. जास्वंदीचं फूल मात्र बहुतेक एकाच दिवसाचं. ते तोडल्याने झाडाचं काही बिघडत नाही, आणि तोडलेलं फूल पाण्यात ठेवलं काय, देव्हाऱ्यात कोरडं ठेवलं काय, संध्याकाळपर्यंतच टिकतं. गणपतीत भरपूर फुलं यावीत म्हणून ऑगस्टात कात्री चालवणारे मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, पण फूट येऊन कळी धरायला दीड-दोन महिने लागतात. छाटणी मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीलाच उरकावी.

आता तो पांढरा कापूस. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. "थंडीची बुरशी आहे" किंवा "मिठाचं पाणी मारा" हे दोन्ही सल्ले चुकीचे, आणि मिठाने तर मातीही बिघडते. कळीचा देठ, पानाचा बेचका, पानाची खालची बाजू नीट पाहा. शेंडा मुठीसारखा आवळलेला, पानं चिकट आणि खोडावरून मुंग्यांची रांग. मुंग्या या किड्यांचा गोड स्राव खातात, त्यांची राखण करतात आणि त्यांना नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. त्यामुळे दुधासाखरेची चहापत्ती थेट कुंडीत टाकणं म्हणजे मुंग्यांना आवतण. चहापत्ती धुऊन, कुजवून मगच घालावी.

उपाय खर्चिक नाही, चिकाटीचा आहे. आवळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, खाली सोसायटीच्या बागेत भिरकावू नयेत. पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावं, अर्थात खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत हे बघून. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावं. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा असं तीन-चारदा करावं लागतं. जहाल कीटकनाशक शेवटचा पर्याय, आणि त्याला कारण आहे. पपईवरचा मिलीबग २००८ मध्ये तमिळनाडूत आढळला आणि पुढे पसरला. तो जास्वंदीवरही पोसतो. त्याला आळा घातला तो पोर्टो रिकोहून आणून २०१० मध्ये सोडलेल्या एका बारीकशा परोपजीवी गांधीलमाशीने. घरच्या विषारी फवाऱ्यात अशा मित्रकीटकांचाच बळी आधी जातो.

कुंडीखालची थाळी दोन्ही झाडांना नको. मुळं कुजतात आणि साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी कुंड्यांखाली डोकावतात ते याचसाठी. जमिनीवर डाग नको म्हणून थाळी ठेवावीच लागली, तर तिच्यातलं पाणी रोज ओतून टाका.

राहिला काटा. "काटेरी झाड घरात ठेवलं की भांडणं होतात" असं वास्तुवाले सांगतात. बोगनवेलीला पकडायला तणावे नसतात, म्हणून ती काट्याने अडकत वर चढते. भांडणं मात्र खरोखर होतात, पण ती फांदी शेजारच्यांच्या दोरीवरच्या साडीत अडकल्यावर. ग्रिलबाहेर गेलेला फाटा महिन्यातून एकदा छाटत राहा आणि कापताना जाड हातमोजे घाला.