वस्तुस्थिती, मत आणि पूर्वग्रह : १८५७ विषयक लेखनाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या हाती संदर्भग्रंथांची यादी दिली जाते. ते ग्रंथ कसे वाचावेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. परिणामी तो छापील मजकूर सरसकट प्रमाण मानतो, किंवा लेखक विरुद्ध पक्षाचा आहे असे कळताच सारा ग्रंथच त्याज्य ठरवतो. दोन्ही टोकांच्या मुळाशी एकच उणीव आहे. ती म्हणजे विधान आणि विधानकर्ता यांची स्वतंत्रपणे तपासणी करण्याची सवय नसणे. ही सवय लावण्यासाठी १८५७ च्या उठावावरील लेखन विशेष उपयुक्त आहे.

वस्तुस्थिती आणि मत :

१० मे १८५७ रोजी मीरत येथे हिंदी शिपायांनी उठाव केला, हे वस्तुस्थितिदर्शक विधान होय; ते कागदपत्रांच्या आधारे पडताळता येते. हा उठाव अविचारी होता, हे मत होय. कारण त्यात मूल्यमापन आहे. येथे एक गफलत नेहमी होते. वस्तुस्थितिदर्शक विधान म्हणजे निर्विवाद विधान नव्हे. राणी लक्ष्मीबाईंचा मृत्यू ग्वाल्हेर येथे जून १८५८ मध्ये झाला. परंतु ती तारीख १७ की १८, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. तरीही हा प्रश्न आवडीनिवडीचा ठरत नाही. तो पुराव्यानेच सुटू शकतो. उलटपक्षी, सर्वांना मान्य असलेले मतही मतच राहते. अर्थात मत निरुपयोगी नसते. त्यामागील कारणे किती सबळ आहेत, यावर त्याचे मोल ठरते.

शब्दांतील पूर्वग्रह :

उघडपणे मांडलेले मत ओळखणे सोपे असते; कठीण असते ते नामाभिधानात दडलेले मत ओळखणे. जॉन केय यांनी १८६४ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘शिपायांचे युद्ध’ अशा अर्थाचे शब्द होते. विनायक दामोदर सावरकरांच्या १९०९ मधील ग्रंथाने त्याच घटनांना ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हटले. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९५७ मध्ये केवळ सनाचेच शीर्षक दिले. पहिली दोन शीर्षके वाचकाला पहिले पान उलटण्यापूर्वीच निष्कर्ष सुचवतात. तिसरे तटस्थ दिसते. पण म्हणून आतील विवेचन आपोआप तटस्थ ठरत नाही. त्याचीही तितकीच छाननी करावी लागते.

निवडीतील पूर्वग्रह :

प्रत्येक वाक्य खरे असूनही एकूण चित्र एकांगी असू शकते. जुलै १८५७ मध्ये कानपूरच्या बिबीघरात इंग्रज स्त्रिया व मुले मारली गेली. त्यापूर्वी जूनमध्ये अलाहाबाद परिसरात कर्नल नील यांच्या अमलाखाली अनेकांना फाशी देण्यात आले. त्याही आधी मे महिन्यात मीरत व दिल्ली येथे युरोपीय लोकांच्या हत्या झाल्या होत्या. लेखक यांपैकी कोणती घटना सांगतो, कोणती गाळतो आणि कथन कोठून सुरू करतो, यावर अत्याचार कोणाचा व प्रतिशोध कोणाचा, हे वाचकाच्या मनात ठरून जाते. म्हणून ग्रंथात काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहणे अगत्याचे आहे.

मूळ लेखन आणि वाचक यांमध्ये संपादकही उभा असतो. विष्णुभट गोडसे यांनी उत्तर हिंदुस्थानातील आपल्या प्रवासाची हकीकत १८८३ मध्ये, म्हणजे सुमारे पाव शतकानंतर, स्मरणाने लिहिली. ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ मध्ये फेरफार करून प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. मधल्या काळातील वाचक प्रत्यक्षदर्शीचे शब्द म्हणून जे वाचत होते, त्यांत संपादकाच्या विवेकाचाही वाटा होता.

समारोप :

पूर्वग्रह आढळला म्हणून ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. पक्षपाती लेखकाने दिलेली तारीख अचूक असू शकते आणि त्याचा पक्षपात हाही त्या काळाचा पुरावा असतो. वर्गात एकाच घटनेचे दोन उतारे देऊन पडताळण्याजोगी विधाने, मते आणि भारित शब्द वेगळे काढावयास सांगितल्यास हा भेद विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडेल. शेवटची तपासणी मात्र वाचकाने स्वतःची करावयाची असते. जे विधान वाचताक्षणी मनाला पटते, त्याचाच पुरावा सर्वांत आधी मागणे, हे चिकित्सक वाचनाचे खरे गमक होय.