झेल सुटला, पण सामना तिथेच गेला नव्हता

७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे स्टेडियम. अफगाणिस्तानच्या २९१ धावांसमोर ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. मॅक्सवेल ३३ वर असताना नूर अहमदच्या चेंडूवर शॉर्ट फाइन लेगला मुजीबच्या हातून झेल सुटला. मॅक्सवेलने नाबाद २०१ ठोकल्या, ऑस्ट्रेलियाने तीन गडी राखून सामना जिंकला. तेव्हापासून हा पराभव मुजीबच्या माथी मारला जातो. तो त्याच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : लिंबूटिंबू संघ जास्त चुका करतात, म्हणून हरतात.
वस्तुस्थिती : त्या दिवशी ऑस्ट्रेलियानेही चुका केल्या, लबुशेन तर धावचीत झाला. पण ४९ धावांत चार गडी गेल्यावरही त्यांच्याकडे मॅक्सवेल शिल्लक होता. बलाढ्य संघात एकाची चूक दुसरा निस्तरतो. दुबळ्या संघाकडे निस्तरणारे हातच कमी असतात.

गैरसमज : झेल सुटला तिथेच सामना गेला.
वस्तुस्थिती : त्यानंतरही वीसहून अधिक षटकं बाकी होती. अफगाणिस्तानला हवे होते तीन गडी, मिळाला एकही नाही. मॅक्सवेलने पायांत गोळे आलेले असताना, उभ्या जागेवरून फटके मारत आणखी १६८ धावा काढल्या. कमिन्स ६८ चेंडूंत १२ धावा करून खंबीर उभा राहिला. भागीदारी झाली २०२ धावांची. जीवदानाचं सोनं करणारा फलंदाज समोर होता, म्हणून चूक एवढी महाग पडली. तोच झेल तळाच्या फलंदाजाचा असता, तर कदाचित कुणाला आठवलाही नसता.

गैरसमज : मोठ्या संघाला हरवायचं तर एकही चूक चालत नाही.
वस्तुस्थिती : जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषक, किंग्सटाउन. पुन्हा ऑस्ट्रेलियाच समोर. बिनबाद ११८ वरून अफगाणिस्तानचा डाव ६ बाद १४८ वर अडखळला. कमिन्सच्या हॅटट्रिकचा तिसरा बळी गुलबदिन नैब. त्याचा झेल मॅक्सवेलने घेतला. पण शून्यावर बाद झालेल्या याच गुलबदिनने नंतर २० धावांत ४ गडी टिपले. त्यात ५९ धावांवर खेळणारा मॅक्सवेलही होता, आणि या वेळी झेल नूर अहमदने पकडला. अफगाणिस्तान २१ धावांनी जिंकला.

फलंदाजीतली पडझड गोलंदाजांनी भरून काढली. म्हणून झेल सोडणाऱ्या पोराला मैदानावर रागावण्याआधी त्याला पुढचा चेंडू दाखवा. सामना अजून तिथे असतो.